नळातील हातोडा : जुन्या धुलाई-यंत्राचा दणका कसा कमी करावा



कपडे धुण्याचे यंत्र पाणी घेत असते. पाण्याचा सूं-सूं आवाज चालू असतो. तो थांबतो आणि त्याच क्षणी भिंतीत ‘धाड्’ असा दणका बसतो. एका धुलाईत हा प्रकार पाच-सहा वेळा होतो. लोद, रामला, अश्दोद, बेर्शेवा, दिमोना येथील जुन्या शिकूनांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा आवाज चांगलाच परिचयाचा आहे. पुष्कळांची समजूत अशी की यंत्र म्हातारे झाले, ते आवाज करणारच. कोणी यंत्राखाली रबराची चटई घालतात, कोणी यंत्र भिंतीपासून दूर ओढतात. आवाज मात्र तसाच राहतो, आणि खालच्या मजल्यावरील शेजारी वाअद हाबायितकडे तक्रार घेऊन जातात.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : हा दणका मुळात कशाचा आहे, त्यापासून नुकसान काय होते, आणि घरच्या घरी किंवा थोड्या खर्चात तो कसा कमी करता येतो. इंग्रजीत याला वॉटर हॅमर म्हणतात, आपल्या मराठी शास्त्रीय पुस्तकांत जलाघात, आणि येथील इन्स्टलाटोरला सांगावयाचे झाल्यास ‘हेलेम मायिम’ एवढे दोन शब्द पुरेत.

१. आवाज यंत्राचा नव्हे, पाण्याचा

प्रथम हे ध्यानात घ्यावे की दणका यंत्रात उत्पन्न होत नाही, पाइपात उत्पन्न होतो. यंत्र फक्त वाहते पाणी एकाएकी अडवते.

अर्ध्या इंची पाइपाच्या दहा मीटर लांबीत सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावते. त्याचे वजन पावणेदोन किलो. यंत्र मिनिटाला १० लिटर पाणी घेत असेल, तर ते पाणी पाइपातून सेकंदाला जवळजवळ १ मीटर वेगाने धावत असते. हवा दाबली तर दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. म्हणजे पावणेदोन किलो वजनाचा, दहा मीटर लांबीचा एक दांडाच जणू पाइपातून सरकत असतो, आणि यंत्राची झडप त्याच्यापुढे अचानक दार लावून घेते. दांडा दारावर आपटतो. तोच हा दणका.

आपल्या समाजातील पुष्कळ माणसांनी भारतात रेल्वेत नोकरी केली. यार्डात मालगाडीचे शंटिंग ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. इंजिन एकदम थांबले की पहिला डबा इंजिनावर आदळतो, दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर, आणि ‘खाड् खाड् खाड्’ असा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. पाइपातही तसेच होते. झडपेजवळचे पाणी प्रथम थांबते, मग त्यामागचे, मग त्याच्याही मागचे. दाबाची एक लाट झडपेपासून मागे इमारतीच्या मोठ्या नळापर्यंत जाते, तेथून परतते, पुन्हा जाते, आणि अशा काही फेऱ्या मारून विरते. प्रत्येक फेरीला पाइप हिसका खातो. पाइप भिंतीला नीट जखडलेला नसेल तर तो भिंतीवर आपटतो. इमारतीचा उभा नळ सर्वांचा एकच असल्याने आवाज वरखालच्या घरांतही जातो.

रेल्वेच्या डब्यांना दोन्ही टोकांना बफर असतात व त्यांच्यात स्प्रिंग असते, हेही येथे लक्षात ठेवावे. पुढे उपायांत त्याचा उपयोग आहे.

२. थोडा हिशेब

या दाबाचा हिशेब निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मांडला. मॉस्को शहराच्या नळयोजनेत मोठे पाइप फुटत असत. त्याचे कारण शोधण्यासाठी १८९७-९८ साली त्याने प्रत्यक्ष पाइपांवर प्रयोग केले. पुढे विमानविद्येतही त्याने मोठे नाव मिळवले. आपल्या जिन्यातील रशियन शेजाऱ्यांना हे नाव माहीत असण्याचा संभव आहे.

त्याच्या सूत्राचा अर्थ सोपा आहे. पाणी जितक्या वेगाने धावत असेल तितका दणका मोठा. वेग निम्मा केला की दणकाही निम्मा. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १३०० मीटर वेगाने जाते. त्यावरून सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी क्षणात अडवले, तर दाब नेहमीपेक्षा सुमारे १३ बारने वाढतो. घरात नेहमीचा दाब ४ बार असेल तर त्या क्षणी तो १७ बारपर्यंत जाईल.

आता ‘क्षणात’ म्हणजे किती? दहा मीटर पाइपात लाटेची जाऊन-येऊन एक फेरी सेकंदाच्या साधारण पासष्टाव्या भागात होते. झडप त्यापेक्षा लवकर मिटली तर पूर्ण दणका बसतो. हळू मिटली तर दणका कमी होत जातो. तेच पाणी, तोच पाइप, पण झडप एकदशांश सेकंदात एकसारखी मिटत गेली तर दाबाची वाढ ढोबळ मानाने २ बारच. आपण हाताने नळ सावकाश, एका सेकंदात बंद केला तर वाढ इतकी थोडी की कानाला काहीच कळत नाही.

या हिशेबातून उपायांच्या तीन वाटा निघतात : पाण्याचा वेग कमी करा, पाणी थांबण्याचा वेळ वाढवा, किंवा पाणी थांबते तेथे बफर द्या. यांपैकी एकही गोष्ट न करणारा उपाय, उदाहरणार्थ यंत्राखालची चटई, या आवाजावर चालणार नाही.

३. जुन्या यंत्रात हे अधिक का होते?

यंत्राच्या मागे, जेथे रबरी नळी जोडलेली असते, तेथे विजेवर चालणारी एक झडप असते. तिच्यात रबराचा पडदा असतो व पडद्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. वीज आली की एक लहान खिळ वर उचलली जाते, पडद्यावरचा दाब उतरतो, पडदा उघडतो व पाणी आत येते. वीज गेली की खिळ खाली बसते, त्या बारीक छिद्रातून पाणी पडद्याच्या वरच्या बाजूस भरते, आणि पाण्याचाच दाब पडद्याला खाली दाबून दार बंद करतो. म्हणून इमारतीत दाब जितका जास्त, तितकी झडप जोराने मिटते.

वर्षे लोटली की रबर कडक होते. आपल्या देशाचे पाणी क्षारयुक्त, त्यामुळे छिद्राशी व कडांशी पांढरा थर साचतो. मग पडदा एकसारखा न मिटता हिसक्याने मिटतो, किंवा मिटता मिटता फडफडतो व एकाऐवजी दोन-तीन दणके देतो. शिवाय जुनी यंत्रे पाणी पुष्कळ घेतात. धुलाईला एकदा, प्रत्येक खळबळण्याला एकदा, आणि कपड्यांनी पाणी शोषून घेतले की पुन्हा थोडे. जितक्या वेळा झडप मिटेल तितके दणके.

पाइपांचाही वाटा आहे. जुन्या शिकूनांतील जस्त चढवलेले लोखंडी पाइप ताठ असतात. नव्या प्लास्टिकच्या पाइपांत दाबाच्या लाटेचा वेग लोखंडी पाइपातील वेगाच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून तेच यंत्र नव्या घरात नेले तर कमी दणका देते.

४. आधी परीक्षा करावी

पैसे खर्च करण्यापूर्वी एक धुलाई यंत्राजवळ बसून ऐकावी.

(अ) दणका पाण्याचा आवाज थांबतो त्याच क्षणी येतो काय? येत असेल तर तो जलाघात होय.

(आ) पाणी भरत असतानाच सतत घरघर होते काय? तसे असल्यास नळातील सैल वायसर, पिळलेली नळी किंवा जाळीत अडकलेला कचरा पाहावा.

(इ) आवाज कपडे पिळताना, पिंप फिरत असताना येतो काय? मग दोष यंत्राचे पाय, आतील आधार किंवा कपड्यांचा एका बाजूस झालेला गोळा यांत आहे. त्याला पुढील उपाय लागू नाहीत.

नंतर स्वयंपाकघरातील एका खटक्याने बंद होणारा नळ पूर्ण उघडून एकदम बंद करून पाहावा. तेथेही दणका येत असेल तर प्रश्न एका यंत्राचा नसून घरातील दाबाचा किंवा सैल पाइपांचा आहे. यंत्र पाणी घेत असताना मिरपेसेत शेरुतमधील उघड्या पाइपावर हात ठेवावा. कोठे हिसका जास्त लागतो ते हाताला कळते. तेथे खूण करून ठेवावी.

५. उपाय, सोप्याकडून अवघडाकडे

पहिला उपाय : नळ थोडा आवळणे. यंत्राच्या नळाला अनेक फेरे देऊन उघडावे लागत असेल, तर तो पूर्ण न उघडता अर्ध्या फेऱ्याने आवळावा व एक धुलाई ऐकावी. पुन्हा थोडा आवळावा. दणका विरेपर्यंत असे करावे व त्या जागी मुठीवर रंगाचा ठिपका द्यावा. वेग कमी झाला की दणका त्याच प्रमाणात कमी होतो. यंत्राला भरायला जास्त मिनिटे लागतील एवढेच. तबकडी फिरवायची जुनी यंत्रे बहुतेक करून पाणी पुरे भरेपर्यंत थांबून राहतात. इलेक्ट्रॉनिक यंत्र मात्र ठरावीक वेळेत पाणी भरले नाही तर दोष दाखवून बंद पडू शकते. पाव फेऱ्याने उघडणारा बेरेझ कदुरी असेल तर तो अर्धवट उघडा ठेवून वापरू नये, त्याची बैठक झिजते.

दुसरा उपाय : पाइप जखडणे. खूण केलेल्या ठिकाणी रबराचे अस्तर असलेली पट्टी बसवून पाइप भिंतीला धरावा. पाइप भिंतीच्या भोकातून जात असेल तर भोवती मऊ रबर किंवा फोम भरावा. याने दाब कमी होत नाही, पण आपटणे थांबते व शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज पुष्कळ उतरतो.

तिसरा उपाय : दाब मोजणे. नळाच्या पाऊण इंची आट्यांवर बसणारे दाबमापक हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते एकदा दिवसा व एकदा रात्री लावून पाहावे. रात्री पाण्याचा वापर कमी असल्याने दाब चढतो. घराला ३ ते ४ बार पुरेसे होतात. अमेरिकेतील नळकामाच्या नियमांत सुमारे ५.५ बारच्या वर दाब असल्यास दाब कमी करणारे साधन बसवावे लागते, हे प्रमाण आपणही डोळ्यांपुढे ठेवण्यास हरकत नाही. या साधनाला येथे ‘माक्तीन लाखात्स’ म्हणतात व ते इन्स्टलाटोरकडूनच बसवून घ्यावे. संपूर्ण इमारतीसाठी एकच बसवायचे असेल तर वाअदने वरच्या मजल्यांचा विचार करावा : दर १० मीटर उंचीला १ बार दाब कमी होतो, म्हणजे तळाशी ४ बार असतील तर १२ मीटर उंचीवर २.८ बारच मिळतील. हे काम करताना दूद शेमेशची सुरक्षा-झडप नीट चालते की नाही हेही तपासून घ्यावे.

चौथा उपाय : बफर बसवणे. खरा उपाय हाच. हे एक लहान नळकांडे असते. त्याच्या आत हवा कोंडलेली असते, आणि हवा व पाणी यांमध्ये सरकता दट्ट्या किंवा रबरी पडदा असतो. धावते पाणी अडले की ते दट्ट्याला ढकलते, हवा दबते व पाणी हळूहळू थांबते. रेल्वेच्या बफरमधील स्प्रिंगचे काम येथे हवा करते. पाऊण इंची आट्यांचे असे साधन नळ व यंत्राची नळी यांच्यामध्ये हातानेही बसवता येते. जागा महत्त्वाची : जेथे पाणी अडते त्याच्या शक्य तितके जवळ हवे. शिबेरजवळ, म्हणजे घराच्या मुख्य चावीपाशी बसवले तर उपयोग फार थोडा. यंत्र गरम व थंड दोन्ही पाणी घेत असेल तर दोन्ही नळांना एक-एक लागेल.

काही जुन्या घरांत नळाच्या वर हातभर लांबीचा, टोक बंद केलेला उभा पाइप आढळतो. तोही बफरच, पण त्यात पडदा नसल्याने आतील हवा हळूहळू पाण्यात विरघळते व पाइप पाण्याने भरतो. मग त्याचा उपयोग उरत नाही. अशा वेळी शिबेर बंद करून सर्व नळ उघडावेत, पाइपातील पाणी काढून टाकावे व पुन्हा सावकाश पाणी सोडावे. हवा परत भरते, पण काही काळाने हेच पुन्हा करावे लागते.

पाचवा उपाय : यंत्राची झडप बदलणे. दणका अलीकडेच सुरू झाला असेल, किंवा यंत्र बंद असतानाही आत पाणी ठिबकत असेल, तर झडप थकली असे समजावे. तिच्या तोंडाशी असलेली जाळी प्रथम साफ करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर यंत्रदुरुस्ती करणाऱ्याकडून त्या नमुन्याची नवी झडप घालून घ्यावी. तिच्यासाठी संपूर्ण यंत्र टाकून देण्याची गरज नाही.

कोणत्याही कामास हात घालण्यापूर्वी यंत्राची पिन भिंतीतून काढावी, नळ बंद करावा व नळी सोडताना खाली बादली ठेवावी. नळीच्या जोडात रबरी वायसर असतो, तोच पाणी अडवतो. तेथे दोरा किंवा टेप गुंडाळू नये. हाताने आवळून पान्ह्याने फक्त पाव फेरा द्यावा.

६. दुर्लक्ष केल्यास

काही जण म्हणतील, आवाजाची आम्हाला सवय झाली आहे. परंतु कानाला सवय होते, नळीला होत नाही. दाबाचा प्रत्येक हिसका रबरी नळीला, तिच्या टोकाच्या कडीला, भिंतीतील जुन्या आट्यांना व दूद शेमेशच्या सुरक्षा-झडपेला बसतो. यांत सर्वांत अशक्त रबरी नळी. तिच्यावर फुगवटा, भेग, कडीजवळ गंज किंवा ओल दिसली तर त्याच दिवशी बदलावी. काही दिसले नाही तरी पाच वर्षांनी बदललेली बरी.

नळी फुटली आणि मिनिटाला फक्त १० लिटर पाणी सांडले, तरी तासाला ६०० लिटर होतात. कोणी शुक्रवारी दुपारी शेवटचे कपडे धुऊन, नळ उघडाच ठेवून, शब्बाथसाठी मुलांकडे दुसऱ्या गावी गेले, तर २५ तासांत १५,००० लिटर पाणी आपल्या घरातून खालच्या घरात उतरेल. म्हणून धुलाई संपली की यंत्राचा नळ बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. ही सवय फुकट आहे, आणि वरील सर्व उपायांपेक्षा तिचे मोल अधिक आहे. नळ उघडताना व बंद करताना मात्र सावकाश फिरवावा.

७. शेजाऱ्याचा हक्क

आपल्या शास्त्रकारांना हा विषय अपरिचित नव्हता. मिश्नाच्या बाबा बात्रा या भागातील दुसरा अध्याय शेजाऱ्याला होणाऱ्या उपद्रवाविषयी आहे. कपडे धुणाऱ्यांचे पाण्याचे कुंड शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन तेफाखिम, म्हणजे तीन मुठी, दूर असावे असा नियम तेथे पहिल्याच कलमात आहे, कारण ओल भिंतीला खाते. त्याच अध्यायात आवाजाचाही विचार आहे. अंगणातील दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे झोप येत नाही अशी तक्रार शेजारी करू शकतो, पण हातोड्याच्या, जात्याच्या किंवा मुलांच्या आवाजाविरुद्ध त्याला तशी तक्रार करता येत नाही. घरात राहणाऱ्याने काम करावयाचे नाही तर काय करावयाचे?

तेव्हा आमच्या नळातील हातोड्यालाही मोकळीक आहे, असे कोणी म्हणेल. पण शुल्खान आरूखच्या खोशेन मिश्पात या भागात (प्रकरण १५६) रब्बी मोशे इसर्लिस यांनी एक मर्यादा घातली आहे. ही मोकळीक शेजारी निरोगी असतील तेव्हाची. शेजारी आजारी असेल व आवाजाने त्याला अपाय होत असेल, तर तो हरकत घेऊ शकतो. आपल्या शिकूनांत आता वयस्क माणसे पुष्कळ आहेत. कोणाचे हृदयाचे दुखणे, कोणाला रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. भिंतीतील दणका आपल्याला क्षणाचा वाटतो, उशाशी भिंत असणाऱ्याला तो तसा वाटत नाही. म्हणून उपाय होईपर्यंत निदान दुपारी २ ते ४ या विश्रांतीच्या वेळात व रात्री उशिरा यंत्र लावू नये, आणि शेजाऱ्याला जाऊन सांगावे की दोष कळला आहे, दुरुस्ती चालू आहे. पुष्कळ भांडणे आवाजाने सुरू होतात आणि कोणी विचारपूस न केल्याने वाढतात.

थोडक्यात उजळणी

दणका पाणी थांबण्याच्या क्षणीच येतो काय ते पाहा. नळ थोडा आवळून ऐका. सैल पाइप रबरी पट्टीने जखडा. दाब दिवसा व रात्री मोजा. यंत्राच्या नळाशीच हवेचा बफर बसवा. त्यानेही भागले नाही तर झडप बदला. नळी तपासा आणि प्रत्येक धुलाईनंतर नळ बंद करा.

ज्या वयस्क बंधु-भगिनींना वाकून यंत्रामागे हात घालणे कठीण जाते, त्यांच्यासाठी जिन्यातील एखाद्या तरुणाने अर्धा तास काढावा. पहिले दोन उपाय व नळीची तपासणी एवढ्या वेळात सहज होतात.